नैसर्गिक भ्रमजनक द्रव्य कोणत्या ग्राहीवर काम करते, हे कसे पडताळावे

‘हे द्रव्य मेंदूतील सेरोटोनिनच्या ग्राहींवर काम करते’ या एका वाक्यात नैसर्गिक भ्रमजनक द्रव्यांचा विषय अनेकदा आटोपला जातो. (संदेशवाहक रेणू पेशीवरील ज्या प्रथिनावर जाऊन बसतो ते म्हणजे ग्राही; सेरोटोनिन हा असाच एक संदेशवाहक.) ते वाक्य काही द्रव्यांच्या बाबतीत बरोबर, काहींच्या बाबतीत अपुरे आणि काहींच्या बाबतीत साफ चुकीचे असते. सायलोसायबी वंशातील अळंब्यांमुळे शरीरात येणाऱ्या सायलोसिनला ते लागू पडते. धोतऱ्यातील स्कोपोलामिन, साल्व्हिया डिव्हिनोरम या वनस्पतीतील साल्व्हिनोरिन-ए आणि अमानिटा मस्कारिया या लाल अळंबीतील मस्किमोल यांना मात्र ते लागू पडत नाही. ही तीन द्रव्ये अनुक्रमे ॲसिटिलकोलिन, डायनॉर्फिन आणि गाबा या संदेशवाहकांसाठी असलेल्या ग्राहींवर काम करतात. चारही द्रव्यांमुळे माणसाला समोर नसलेल्या गोष्टी दिसू शकतात, म्हणून त्यांना एकाच नावाखाली गोळा करण्याचा मोह होतो. पण ग्राही वेगळा असला की शरीरावरची लक्षणे वेगळी असतात, धोके वेगळे असतात आणि विषबाधा झाल्यास डॉक्टरांनी वापरायचे औषधही वेगळे असते. ग्राहीचे नाव अचूक सांगण्याचा आग्रह धरायचा तो त्यासाठी.

असा एखादा दावा हाती आल्यावर तो कसा पडताळावा, याची पद्धत पुढे दिली आहे. औषधशास्त्राचे, परिचर्येचे किंवा मानसशास्त्राचे विद्यार्थी, विज्ञानविषयक लेखन करणारे आणि जिज्ञासू वाचक यांना ती वापरता येईल. प्रयोगशाळेची गरज नाही. वही, साधे गणित आणि दोन विनामूल्य माहितीसंच पुरतात. पहिला माहितीसंच अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात चालणाऱ्या पीडीएसपी या प्रकल्पाचा असून त्यात द्रव्य आणि ग्राही यांच्या जोड्यांचे मोजलेले आकडे मिळतात. दुसरा ‘गाइड टू फार्माकॉलॉजी’ हा असून त्यात प्रत्येक ग्राहीची ओळख, त्याचा नैसर्गिक संदेशवाहक आणि त्याला चालू किंवा बंद करणारी द्रव्ये नोंदवलेली असतात. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे: या आकड्यांवरून कोणत्याही द्रव्याची सुरक्षित मात्रा काढता येत नाही. ते आकडे पेशींवरील प्रयोगांचे असतात. एखाद्या माणसाचे यकृत, त्याचे हृदय, तो घेत असलेली इतर औषधे आणि वनस्पतीच्या प्रत्येक नमुन्यात कमीजास्त होणारे द्रव्याचे प्रमाण यांतले काहीही त्यांत उतरलेले नसते.

पहिले काम: वनस्पती बाजूला ठेवून रेणू शोधणे

ग्राहीवर वनस्पती जाऊन बसत नाही, रेणू जाऊन बसतो. आणि वनस्पतीत सापडणारा रेणू व ग्राहीपर्यंत पोहोचणारा रेणू एकच असतील असे गृहीत धरता येत नाही. सायलोसायबिन हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. आल्बर्ट हॉफमान यांनी १९५८ मध्ये अळंबीतून सायलोसायबिन आणि सायलोसिन ही दोन्ही द्रव्ये वेगळी काढली. सायलोसायबिनच्या रेणूवर फॉस्फेटचा गट असतो, त्यामुळे तो पाण्यात सहज विरघळतो पण मेंदूभोवतीचा रक्त-मेंदू अडथळा सहजी ओलांडत नाही. शरीरातील अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर (एन्झाइम) तो गट काढून टाकते आणि सायलोसिन तयार होते. मेंदूतील ग्राहींवर काम करते ते हे सायलोसिन. म्हणून माहितीसंचात सायलोसायबिनचे आकडे पाहून ‘हे द्रव्य दुर्बळ आहे’ असा निष्कर्ष काढणारा वाचक चुकीच्या रेणूची चौकशी करत असतो.

अमानिटा मस्कारियामध्ये इबोटेनिक आम्ल आणि मस्किमोल ही दोन्ही द्रव्ये असतात. इबोटेनिक आम्लाची रचना ग्लुटामेट या उत्तेजक संदेशवाहकासारखी असते. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून गेला की मस्किमोल उरते आणि त्याची रचना गाबा या शमन करणाऱ्या संदेशवाहकासारखी असते. एका रासायनिक पायरीने रेणू उत्तेजकाच्या बाजूने शमनाच्या बाजूला जातो, हे मला या संपूर्ण विषयातील सर्वांत विलक्षण तथ्यांपैकी एक वाटते. आफ्रिकेतील इबोगा या झुडपातील इबोगेनचेही यकृतात नॉरइबोगेन होते आणि ते मूळ द्रव्यापेक्षा शरीरात जास्त काळ टिकते.

डीएमटी या वनस्पतींत सापडणाऱ्या भ्रमजनक द्रव्याच्या बाबतीत प्रश्न उलटा आहे. हा रेणू स्वतःच सक्रिय असतो, पण तोंडावाटे घेतल्यास आतडे आणि यकृत यांतील मोनोअमाइन ऑक्सिडेज-ए हे विकर त्याला मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच निकामी करते. दक्षिण अमेरिकेतील आयाहुआस्का या काढ्यात डीएमटी असलेल्या वनस्पतीबरोबर बॅनिस्टेरिओप्सिस कापी ही वेल असते आणि तिच्यातील हार्मिन व हार्मालिन ही द्रव्ये ते विकर अडवतात. म्हणजे वेलीचे मुख्य काम ग्राहीवर नसून विकरावर आहे. नैराश्यावरील औषधे घेणाऱ्यांसाठी हा काढा विशेष धोकादायक ठरतो, त्याचेही कारण हेच: सेरोटोनिन वाढवणारे औषध आणि त्याचे विघटन थांबवणारे द्रव्य एकत्र आल्यास सेरोटोनिनचा जीवघेणा अतिरेक होऊ शकतो.

वहीत पहिली ओळ लिहावी ती अशी: वनस्पतीत काय आहे, शरीरात त्याचे काय होते, आणि मेंदूत किंवा इतर अवयवांत प्रत्यक्ष कोण पोहोचते.

ग्राही कोणत्या जातीचा आहे ते पाहणे

ग्राही म्हणजे पेशीच्या आवरणात बसवलेले प्रथिन. या विषयात दोन जाती पुरतात. एका जातीत ग्राही स्वतःच आयनांची वाहिनी असतो. संदेशवाहक बसला की काही मिलिसेकंदांत वाहिनी उघडते आणि विद्युतभारित कण आतबाहेर होतात. मस्किमोल ज्याला चालू करते तो गाबा-ए ग्राही या जातीचा आहे आणि त्यातून क्लोराइड आत शिरल्याने चेतापेशी शांत होते. इबोटेनिक आम्ल ज्याला चालू करते तो एनएमडीए ग्राहीही याच जातीचा, फक्त त्यातून कॅल्शियम आणि सोडियम आत येतात व पेशी उत्तेजित होते.

दुसऱ्या जातीत ग्राही आवरणातून सात वेळा आरपार गेलेला असतो आणि आतल्या बाजूस जी-प्रथिन या संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनाला कामाला लावतो. सेरोटोनिनच्या ग्राहींचे १४ उपप्रकार सात कुटुंबांत मोडतात. त्यांतील ५-एचटी-३ हा आयनवाहिनी असून बाकी सारे जी-प्रथिनाशी जोडलेले असतात. भ्रमजनक द्रव्यांच्या संदर्भात ज्याचे नाव सतत येते तो ५-एचटी-२ए हा जीक्यू प्रकारच्या प्रथिनाला जागे करतो, त्यातून फॉस्फोलायपेज-सी हे विकर कामाला लागते आणि पेशीत साठवलेले कॅल्शियम मोकळे होते. साल्व्हिनोरिन-ए ज्यावर काम करते तो कॅपा-ओपिऑइड ग्राही जीआय या रोखणाऱ्या प्रकाराच्या जी-प्रथिनाशी जोडलेला असतो, म्हणून तेथे पेशीची क्रिया मंदावते. ‘ग्राही चालू झाला’ या शब्दांतून ‘पेशी उत्तेजित झाली’ असा अर्थ काढू नये, तो याचसाठी.

याच टप्प्यावर तो ग्राही शरीरात आणखी कोठे आहे हेही पाहून ठेवावे. ५-एचटी-२ए मेंदूच्या बाह्यस्तरातील पाचव्या थराच्या पिरॅमिड आकाराच्या चेतापेशींवर दाट असतो, पण तो रक्तातील प्लेटलेटवर आणि रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवरही असतो. रक्तदाब वाढणे, बाहुल्या विस्तारणे, मळमळणे ही लक्षणे भ्रमाच्या सोबतीला का येतात, हे मेंदूपलीकडचे ग्राही लक्षात घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

आकडे वाचणे

माहितीसंचात बहुतेक ठिकाणी ‘केआय’ हे मूल्य दिलेले असते. मोकळ्या द्रावणात द्रव्याची जी संहती (द्रावणातील प्रमाण) असताना, स्पर्धेला दुसरे काहीच नसेल तर, निम्मे ग्राही व्यापले जातात ती संहती म्हणजे केआय. म्हणून आकडा जितका लहान तितकी बंधनाची ओढ जास्त. काही ठिकाणी पीकेआय हे लघुगणकी मूल्य असते आणि तेथे आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त. पीकेआय ७ म्हणजे १०० नॅनोमोलर (नॅनोमोलर म्हणजे लिटरमागे एक अब्जांश मोल) आणि पीकेआय ६ म्हणजे १,००० नॅनोमोलर. एका कोष्टकातून दुसऱ्यात आकडे उतरवताना ही दोन मापे मिसळली, तर क्रम उलटापालटा होतो.

केआय थेट मोजले जात नाही. किरणोत्सर्गी खूण लावलेले एक परिचित द्रव्य ग्राहीवर बसवतात, मग तपासायचे द्रव्य वाढत्या प्रमाणात घालत जातात आणि खुणेचे द्रव्य निम्मे हटेपर्यंत किती लागले ते पाहतात. त्या संहतीला आयसी५० म्हणतात. १९७३ पासून वापरात असलेल्या चेंग-प्रुसॉफ समीकरणाने त्यावरून केआय काढतात: आयसी५० ला ‘१ अधिक खुणेच्या द्रव्याची संहती भागिले त्याचा स्वतःचा बंधनांक’ या संख्येने भागायचे. बंधनांक म्हणजे खुणेचे द्रव्य निम्मे ग्राही व्यापते ती संहती. समजा आयसी५० ३०० नॅनोमोलर आला, खुणेचे द्रव्य २ नॅनोमोलर होते आणि त्याचा बंधनांक १ नॅनोमोलर आहे. भाजक ३ झाला, म्हणून केआय १०० नॅनोमोलर. आता ग्राहींचा किती भाग व्यापला जाईल हे पाहण्यासाठी मोकळ्या द्रव्याची संहती घेऊन तिला ‘संहती अधिक केआय’ या बेरजेने भागावे. १०० नॅनोमोलरला ५० टक्के, ३०० ला ७५ टक्के, ९०० ला ९० टक्के. संहती नऊपट झाली तरी व्याप्ती दुप्पटही होत नाही, हे या आकडेमोडीतून हाताला लागते, आणि म्हणूनच ती एकदा तरी स्वतः करून पाहावी.

या आकड्यांत तीन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिले ठिकाण म्हणजे खुणेचे द्रव्य. ५-एचटी-२ए ग्राही सक्रिय आणि निष्क्रिय अशा वेगवेगळ्या ठेवणींत असतो. केटान्सेरिनसारखे रोधक (ग्राहीची जागा नुसती अडवणारे द्रव्य) खूण म्हणून वापरले तर चालू करणाऱ्या द्रव्यांची ओढ कमी दिसते आणि डीओआयसारखे चालू करणारे द्रव्य वापरले तर तीच ओढ जास्त दिसते. म्हणून वेगवेगळ्या खुणांनी मोजलेले आकडे एका रांगेत मांडून तुलना करू नये. दुसरे ठिकाण म्हणजे प्राणी. माणसाच्या ५-एचटी-२ए ग्राहीत २४२ व्या जागी सेरिन हे अमिनो आम्ल असते, प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या रॅट या मोठ्या उंदराच्या ग्राहीत तेथे ॲलनिन असते. एवढ्या फरकाने सायलोसिनची ओढ माणसाच्या ग्राहीसाठी अधिक निघते. जुन्या लेखातील आकडा कोणत्या प्राण्याच्या ऊतीवरचा आहे, हे नोंदवल्याशिवाय तो वापरू नये.

तिसरे ठिकाण म्हणजे ‘बंधन सापडले’ या बातमीचा मोह. डीएमटी सिग्मा-१ या ग्राहीशी बांधले जाते, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते खरेही आहे. पण त्यासाठी लागणारी संहती मायक्रोमोलर पातळीची आहे, म्हणजे हजारो नॅनोमोलर. एखादे बंधन प्रयोगनलिकेत दिसले, तरी मेंदूत तेवढे द्रव्य पोहोचते का, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या बंधनाला परिणामाचे श्रेय देऊ नये. मेस्कलिनच्या बाबतीत हेच गणित दुसऱ्या बाजूने जुळते. पेयोटे निवडुंगातील या द्रव्याची ५-एचटी-२ए साठीची ओढ दुबळी आहे, आणि तदनुरूप परिणामासाठी ते एलएसडीच्या तुलनेत हजारो पटींनी जास्त लागते. ग्लेनन, टिटेलर आणि मॅकेनी यांनी १९८४ मध्ये दाखवले ते हेच, की अनेक भ्रमजनक द्रव्यांची माणसातील प्रभावशक्ती आणि ५-एचटी-२ ग्राहींसाठीची त्यांची ओढ यांचा क्रम एकमेकांशी जुळतो.

बसणे आणि चालू करणे

केआय सांगते ते फक्त बसण्याबद्दल. ग्राहीवर बसून त्याला चालू करणारा ॲगोनिस्ट, अर्धवट चालू करणारा आंशिक ॲगोनिस्ट आणि नुसती जागा अडवणारा रोधक, या तिघांचाही केआय सारखाच असू शकतो. सायलोसिन आणि केटान्सेरिन दोघेही ५-एचटी-२ए वर बसतात. एकामुळे भ्रम होतात, दुसऱ्याने ते थांबतात. म्हणून वहीत केआयच्या शेजारी ईसी५० आणि कमाल प्रतिसाद हे दोन रकाने असलेच पाहिजेत. ईसी५० म्हणजे कमाल प्रतिसादाच्या निम्मा प्रतिसाद मिळण्यास लागणारी संहती.

एवढ्यानेही काम संपत नाही, कारण लिसुराइड हे औषध ५-एचटी-२ए चा ॲगोनिस्ट असूनही एलएसडीसारखे भ्रम निर्माण करत नाही. एकच ग्राही आत वेगवेगळ्या मार्गांना चालना देऊ शकतो आणि प्रत्येक द्रव्य त्या मार्गांना सारखेच बळ देत नाही. २०१७ मध्ये एलएसडी बसलेल्या ५-एचटी-२बी ग्राहीची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, तेव्हा दिसले की ग्राहीच्या बाहेरील एक वळसा रेणूवर झाकणासारखा येतो आणि रेणू तेथून फार सावकाश निघतो. किती ओढीने बसते, किती वेळ बसून राहते आणि बसल्यावर आत काय घडवते, या तीन स्वतंत्र बाबी आहेत.

रोधकाची कसोटी

माझ्या मते या पद्धतीचा कणा हा टप्पा आहे. बंधनाचा आकडा हा संशय असतो. पुरावा हवा असेल तर त्या ग्राहीचा रोधक आधी देऊन परिणाम नाहीसा होतो का, ते पाहावे लागते. झुरिच येथे फोलेनवाइडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ही कसोटी निरोगी स्वयंसेवकांवर घेतली. आधी केटान्सेरिन दिल्यावर सायलोसायबिनचे मानसिक परिणाम रोखले गेले, ५-एचटी-२ए अडवणाऱ्या रिस्पेरिडोननेही ते रोखले गेले. पण डोपामिनचे डी-२ ग्राही अडवणाऱ्या हॅलोपेरिडॉलने ते रोखले तर नाहीतच, उलट वाढले. त्या एका प्रयोगाने ‘कोणता ग्राही’ आणि ‘कोणता नव्हे’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकदम दिली, आणि म्हणून तो विद्यार्थ्याने मुळातून वाचावा असे मला मनापासून वाटते.

साल्व्हिनोरिन-ए ची कहाणी याच्या शेजारी ठेवून वाचावी. या रेणूत नायट्रोजनच नाही. सेरोटोनिनच्या ग्राहींवर बसणारे नेहमीचे रेणू आपल्या नायट्रोजनच्या आधारे ग्राहीतील ॲस्पार्टेट या अमिनो आम्लाशी बांधले जातात, त्यामुळे हा रेणू कोठे बसत असेल हे कोडेच होते. २००२ मध्ये ब्रायन रॉथ यांच्या गटाने सुमारे ५० ग्राही, वाहिन्या आणि वाहक प्रथिने यांच्यावर तो तपासला आणि तो जवळजवळ केवळ कॅपा-ओपिऑइड ग्राहीवरच बसतो, ५-एचटी-२ए वर नाही, असे आढळले. पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माणसांवर दोन रोधक वापरले गेले: ओपिऑइड ग्राही अडवणाऱ्या नाल्ट्रेक्सोनने साल्व्हिनोरिन-ए चे परिणाम थांबले, केटान्सेरिनने थांबले नाहीत. सायलोसायबिन आणि साल्व्हिनोरिन-ए यांची कार्यपद्धती वेगळी आहे, हे यापेक्षा स्वच्छ रीतीने दाखवता येणार नाही.

रोधकाचा निकाल वाचताना रोधक स्वतः किती निवडक आहे, हेही तपासावे. केटान्सेरिन ५-एचटी-२सी, अल्फा-१ आणि हिस्टामिनच्या एच-१ ग्राहींवरही बसते; नाल्ट्रेक्सोन कॅपापेक्षा म्यू-ओपिऑइड ग्राहीला जास्त ओढीने अडवते. म्हणून दुसरा, स्वतंत्र पुरावा शोधावा. ५-एचटी-२ए चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत भ्रमजनक द्रव्य दिल्यावर डोके झटकण्याची ठरावीक हालचाल होत नाही, आणि बाह्यस्तरातील चेतापेशींत तो ग्राही परत आणला की ती हालचाल परत येते, असे २००७ मध्ये दाखवले गेले. तिसऱ्या प्रकारचा पुरावा पेट स्कॅनचा असतो. कोपनहेगन येथील २०१९ च्या अभ्यासात सायलोसायबिन घेतलेल्या स्वयंसेवकांच्या मेंदूतील ५-एचटी-२ए ची व्याप्ती थेट मोजली गेली. ती ७२ टक्क्यांपर्यंत गेली आणि अनुभवाची तीव्रता तिच्याबरोबर वाढत गेली. रोधक, जनुक आणि व्याप्ती या तिन्ही दिशांनी एकच ग्राही पुढे येत असेल, तर दाव्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

धोतरा: पूर्ण तपासणीचे उदाहरण

धोतऱ्यात ॲट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही अल्कलॉइडे असतात. ती आहे त्याच रूपात शोषली जातात, त्यामुळे पहिला टप्पा लवकर पार पडतो. ग्राही मस्कारिनिक ॲसिटिलकोलिन ग्राही, त्याचे एम-१ ते एम-५ असे पाच उपप्रकार, आणि ही द्रव्ये ते पाचही अडवतात. येथे द्रव्य कोणताही ग्राही चालू करत नाही. ॲसिटिलकोलिनची जागा बळकावून त्याचे काम थांबवते. आता प्रत्येक लक्षण ग्राहीवरून वाचता येते. बुबुळातील बाहुली आकसवणाऱ्या स्नायूवर एम-३ असतो, तो अडला की बाहुल्या विस्तारतात आणि जवळचे धूसर दिसते. लाळग्रंथी आणि घामाच्या ग्रंथी बंद होतात, म्हणून तोंड व त्वचा कोरडी पडते आणि घाम न आल्यामुळे शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत चढू शकते. हृदयाच्या गतिकेंद्रावरील एम-२ अडला की नाडी वेगाने धावते. मूत्राशयाचा स्नायू आकुंचन पावत नाही, म्हणून लघवी अडते. मेंदूत प्रामुख्याने एम-१ अडल्याने स्मृती आणि अवधान कोलमडतात.

येथे भ्रमाचे स्वरूपही बदलते. सायलोसायबिनच्या अमलाखाली असलेल्या व्यक्तीला आपण काही घेतले आहे, याचे भान बहुतेकदा उरते. धोतऱ्याच्या विषबाधेत ते भान सुटते. माणूस समोर नसलेल्या व्यक्तीशी खरोखर असल्यासारखा बोलतो आणि नंतर त्यातले फारसे काही त्याला आठवत नाही. वैद्यकात या अवस्थेला सन्निपात किंवा डिलिरियम म्हणतात. विस्तारलेल्या बाहुल्या दोन्हीकडे असतात, त्यामुळे त्यावरून निदान करू नये. पण तापलेली, लाल आणि पूर्ण कोरडी त्वचा मस्कारिनिक ग्राही अडल्याकडे बोट दाखवते. असे लक्षण दिसलेल्या माणसाला झोप लागण्याची वाट न पाहता तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

या द्रव्यांच्या बाबतीत कसोटी दोन औषधांच्या जोड्यांनी घेता येते आणि त्या जोड्या विद्यार्थ्याला फार काही शिकवतात. ग्लायकोपायरोलेट हे औषधही मस्कारिनिक ग्राही अडवते, पण त्याच्या रेणूवर कायमचा धन विद्युतभार असल्याने ते रक्त-मेंदू अडथळा सहजी ओलांडत नाही. त्याने तोंड कोरडे पडते, पण सन्निपात सहसा होत नाही. म्हणजे कोरडे तोंड हे शरीरातील ग्राहींचे काम आणि भ्रम हे मेंदूतील ग्राहींचे काम, हे वेगळे करता आले. दुसरी जोडी उताऱ्याची आहे. फायसोस्टिग्मिन आणि निओस्टिग्मिन दोन्ही ॲसिटिलकोलिनचे विघटन थांबवून त्याचे प्रमाण वाढवतात, पण मेंदूत शिरते ते फायसोस्टिग्मिन, आणि सन्निपात उतरतो तोही त्यानेच. ते औषध रुग्णालयातच आणि हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवूनच दिले जाते.

एकाहून अधिक ग्राही असतील तेव्हा

साल्व्हिनोरिन-ए सारखी निवडक द्रव्ये विरळा. सोनोरा वाळवंटातील एका भेकाच्या विषारी स्रावातील ५-मेथॉक्सी-डीएमटी हे ५-एचटी-१ए वर ५-एचटी-२ए पेक्षा जास्त ओढीने बसते, त्यामुळे सायलोसिनचे स्पष्टीकरण त्याला जसेच्या तसे लावू नये. इबोगेन तर एनएमडीए, कॅपा-ओपिऑइड ग्राही आणि सेरोटोनिन परत शोषणारे वाहक प्रथिन अशा अनेक ठिकाणी काम करते. त्याचा सर्वांत गंभीर धोका मात्र भ्रमाशी संबंधित असलेल्या कोणत्याही ग्राहीतून येत नाही: ते हृदयातील हर्ग नावाच्या पोटॅशियम वाहिनीला अडवते, हृदयाच्या आलेखातील क्यूटी अंतर वाढवते आणि त्यातून प्राणघातक अनियमित ठोके सुरू होऊ शकतात. म्हणून माहितीसंचातील शोध ‘मेंदू’ या शब्दापाशी थांबवू नये. ५-एचटी-२बी या ग्राहीचाही स्वतंत्र रकाना ठेवावा, कारण तो हृदयाच्या झडपांवर असतो. फेनफ्लुरामिन हे वजन घटवणारे औषध झडपांच्या आजारामुळे १९९७ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले आणि पुढे त्याचा संबंध या ग्राहीच्या दीर्घकाळ चालू राहण्याशी जोडला गेला. सायलोसिनही या ग्राहीवर चांगल्या ओढीने बसते, म्हणून ते पुन्हा पुन्हा, दीर्घकाळ घेण्याविषयी संशोधक सावधगिरी बाळगतात.

नोंद लिहिणे

प्रत्येक द्रव्यासाठी वहीचे एक पान राखावे आणि त्यावर पोहोचणारा रेणू, ग्राही आणि त्याची जात, केआय व तो मोजताना वापरलेली खूण आणि प्राणी, चालू करते की अडवते, रोधकाच्या कसोटीचा निकाल, आणि मेंदूबाहेरचे परिणाम असे रकाने आखावेत. जो रकाना भरता येत नाही तो रिकामा ठेवून त्यापुढे ‘पुरावा नाही’ असे लिहावे. शेजारच्या द्रव्यावरून अंदाज करून तो भरू नये.

मस्किमोलचे पान कसे दिसेल ते पाहू. पोहोचणारा रेणू मस्किमोल, काही अंशी इबोटेनिक आम्लापासून झालेले. ग्राही गाबा-ए, आयनवाहिनी, क्लोराइड आत. बसण्याची जागा गाबाची स्वतःची, म्हणजे अल्फा आणि बीटा या उपघटकांच्या सांध्यावर; बेन्झोडायझेपिन औषधे ज्या अल्फा-गॅमा सांध्यावर बसतात ती नव्हे. म्हणून बेन्झोडायझेपिनचा उतारा असलेले फ्लुमाझेनिल मस्किमोलला त्याच्या जागेवरून हटवू शकत नाही. काम: चालू करते. रोधकाच्या कसोटीत बायक्युक्युलिन हे द्रव्य ऊतींवरील आणि प्राण्यांवरील प्रयोगांत मस्किमोलचा परिणाम अडवते. माणसासाठी मात्र हा रकाना ‘पुरावा नाही’ असाच राहतो, कारण बायक्युक्युलिनने आकडी येते आणि ते माणसाला देता येत नाही. मेंदूबाहेरच्या परिणामांत मळमळ आणि उलटी लिहावी, आणि त्याखाली हेही नोंदवावे की मस्कारिनिक ग्राही चालू करणाऱ्या मस्कारिनचे नाव अमानिटा मस्कारियावरून पडले असले तरी तिच्यात ते अत्यल्प असते, त्यामुळे तिच्या विषबाधेत ॲट्रोपिन हा सरसकट उतारा ठरत नाही.